कपाटावरचा पांगुळगाडा

मी एक जुना पांगुळगाडा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तीन लाकडी चाकं, त्यांवर एक उभी चौकट आणि बाळाच्या छातीइतक्या उंचीवर धरायला एक गोल दांडी, एवढाच माझा देह. रांगणारं लेकरू दांडी धरून उभं राहतं, मी जरासा पुढे सरकतो आणि माझ्या मागे यायचं म्हणून ते एक पाय उचलतं. पुढच्या चाकाजवळ दोन लाकडी चकत्या आहेत. मी चालू लागलो की त्या खटखट वाजतात. तो माझा आवाज. कित्येक वर्षं मी तो ऐकलाच नव्हता.

माझा जन्म डोंगरकडा गावातला. पुंजाजी सुतारांनी मला घडवलं. सुमनबाई तेव्हा नव्या नवलाईच्या आई होत्या. त्यांचा संतोष कडी धरून, दार धरून, म्हशीचं दावं धरूनसुद्धा उभा राहू पाहायचा. सुमनबाईंनी पुंजाजींना सांगितलं, "काका, पोराला काहीतरी बनवून द्या, न्हाई तर हे म्हशीच्या पायात जाईल." पुंजाजींनी दाराच्या चौकटीतून उरलेलं सागवान घेतलं. रंधा मारला, पॉलिश पेपरने घासलं आणि शेवटी दांडीवरून स्वतःचा गाल फिरवून पाहिला. गालाला कुठेतरी कुसळ लागलं. ते म्हणाले, "अजून लेकराजोगी न्हाई झाली," आणि पुन्हा घासायला बसले. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली माया.

संतोष माझ्या आधाराने चालायला शिकला. मग गल्लीत कुणाचंही लेकरू उभं राहू लागलं की मला बोलावणं यायचं. मी कधी या ओसरीवर असायचो, कधी त्या अंगणात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर माझी चाकं रुतायची, केळीच्या पानांवरून घसरायची. बायका म्हणायच्या, "ह्या गाड्याचा गुण चांगला हाय, लेकरू झटकन चालतं." मला फार बरं वाटायचं. पण मित्रांनो, पांगुळगाड्याच्या जन्माचं एक विचित्र आहे. लेकरू नीट चालू लागलं की ते मला सोडून पळून जातं. मागे वळूनही पाहत नाही. ते पळालं म्हणजे माझं काम झालं, अशी मी मनाची समजूत घालत असे.

पुढे सुमनबाईंचे यजमान हरिचंदराव नोकरीसाठी हिंगोलीत आले. बरोबर सामानाच्या टेम्पोत मीही आलो. घर बांधलं, संतोष शिकला, पुण्याला गेला, तिथेच रमला. नंतर हरिचंदराव वारले. त्या घरात सुमनबाई आणि मी असे दोघेच उरलो. संध्याकाळी त्या एकट्याच जेवायला बसायच्या आणि ताटातली भाकर निम्मी तशीच राहायची.

कोपऱ्यावरच्या शाळेत एक नव्या शिक्षिका आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, दिवसभर माझ्या बाळाला सांभाळाल का?" तिथून पाळणाघर सुरू झालं. एकाची दोन, दोनाची चार अशी लेकरं वाढत गेली. ओसरीवर सतरंजी आली, खिडकीला जाळी आली, दारावर रंगीत पाटी आली. आणि मी पुन्हा घराच्या मधोमध आलो! सकाळपासून खटखट, खटखट. सुमनबाई आतून ओरडायच्या, "अरे हळू रे, भिताड पाडता का!" पण त्या ओरडण्यात हसू असायचं.

मग एके दिवशी एक लेकरू माझ्यासकट उंबऱ्याला अडकलं आणि दांडीवर तोंडघशी पडलं. ओठ फुटला. रक्त आलं. जखम छोटी होती, पण लेकराचे वडील आले ते दारातूनच ओरडत. सगळी गल्ली गोळा झाली. "लेकरं सांभाळता का मारता?" असं ते म्हणाले. सुमनबाईंच्या हातात हळदीची वाटी होती, ती तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांच्या मनात जी भीती शिरली, ती बाहेर निघालीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वच्छ धुतलं. लाल-पिवळा रंग दिला. आणि कपाटावर ठेवून दिलं.

मित्रांनो, सुमनबाईंना वाईट समजू नका. त्यांनी कधी कुणा लेकरावर हात उगारला नाही. वरणभात ताजा असायचा, तूप असायचं. ओलं दुपटं कुणाच्या अंगाखाली क्षणभरही राहायचं नाही. ताप आलेल्या लेकराला मांडीवर घेऊन त्या तासन्‌तास बसायच्या. फक्त कुणी उठून उभं राहिलं, की त्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं. "बस रे राजा, बस." उंबऱ्याकडे कुणी गेलं की, "बस गं बाई, बस." टीव्हीवर गाणी लागायची आणि लेकरं सतरंजीवर ओळीने बसायची. बसून राहायची.

मी वरून पाहत असे. नवं लेकरू आलं की पहिले काही दिवस माझ्याकडे बोट दाखवायचं. लाल-पिवळा रंग त्याला खुणवायचा. "ते, ते," करायचं. सुमनबाई म्हणायच्या, "ते पडतं बाळा, ते नको." मग हळूहळू ते बोट खाली यायचं आणि पुन्हा वर व्हायचं नाही. मला धुळीचं दुःख नव्हतं. सुमनबाई दर आठवड्याला मला पुसायच्याच. पण ते खाली गेलेलं बोट दिसलं की माझ्या लाकडाला आतून तडा गेल्यासारखं वाटायचं.

वर्षभरात बरेच आईबाप पाळणाघर बघायला येत. त्या दिवशी मात्र सुमनबाई मला खाली उतरवायच्या. सतरंजीच्या कडेला, भिंतीवरच्या फळांच्या चित्रांखाली मला उभं करायच्या. पाहुणे फरशीवर नजर फिरवायचे. मोरीत डोकावायचे. पिण्याच्या पाण्याचं विचारायचे, कॅमेरा आहे का विचारायचे. माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "वा, खेळणी पण हायत!" आणि शेवटी ओळीने बसलेल्या लेकरांकडे बघून हमखास म्हणायचे, "केवढी शांत लेकरं हायत! काय शिस्त हाय!" सुमनबाईंचा चेहरा फुलायचा. पाहुणे गेले की मी परत कपाटावर.

लेकरांच्या घरात शांतता कशाची आहे, हे कुणी विचारलं नाही. मला विचारता आलं नाही.

आणि मग दीपमाला आली.

दीपमाला औंढ्याकडच्या एका तांड्यावरची. एसटीत वाहक म्हणून तिची नवी नोकरी लागली होती आणि सोमवारपासून तिला हिंगोली आगारात हजर व्हायचं होतं. नवरा बाहेरगावी कामाला. कडेवर रुपा होती, नुकतीच वर्षाची झालेली, टपोऱ्या डोळ्यांची. बरोबर तिची आई पारुबाई होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडीच्या मागे शेळ्या होत्या, शेत होतं. ती नातीसाठी शहरात राहू शकत नव्हती.

सुमनबाईंनी घर दाखवलं. पारुबाई तर हरखूनच गेली. फरशीवर बोट फिरवून म्हणाली, "आगं, ह्यात तर तोंड दिसतंय! ठेव पोरीला इथंच, माय."

दीपमाला हसली. म्हणाली, "मावशी, तुमचं घर लई छान हाय. मी थोडा वेळ बसू का? तुमी तुमचं काम करा."

"बस की. काहून न्हाई?" सुमनबाई म्हणाल्या.

दीपमाला भिंतीला टेकून बसली. तिने रुपाला खाली सोडलं. रुपा गुडघ्यांवर भराभर रांगत थेट माझ्याकडे आली. तिने माझी दांडी धरली, जोर लावला आणि उभी राहिली. तिच्या तळहाताची ऊब मला लागली. तिने मला ढकललं.

खटखट.

मित्रांनो, तो माझाच आवाज मला ओळखू आला नाही. रुपा खुदकन हसली. पुन्हा ढकललं. खटखट, खटखट. सतरंजीवरची सगळी लेकरं वळून पाहू लागली. पण एकही जागचं उठलं नाही. सुमनबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पाहुण्यांदेखत काय बोलावं त्यांना कळेना. त्यांनी नुसता पदर मुठीत घट्ट धरला.

तेव्हा दिपक बोलला. दिपक त्या सगळ्यांत मोठा, तीन वर्षांचा होत आलेला. तो दीपमालाला समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "तिला खाली बसव ना. उठायचं नसतं. उठलं की मावशीला भेव वाटतं."

टीव्हीवरचं गाणं तेवढं चालू होतं.

दीपमालाने दिपकला जवळ बोलावलं. तो बसल्या बसल्या सरकत तिच्याकडे गेला. चालता येत असून सरकत गेला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती सुमनबाईंना म्हणाली, "मावशी, एक विचारू? राग नका मानू. तुमच्या इथं कोणकोण चालायला शिकलं?"

"इथं कोणतंच लेकरू पडलं न्हाई," सुमनबाई घाईने म्हणाल्या. "एकदाच पडलं होतं, लई आधी. तवापासून एक ओरखडा न्हाई. कुणालाबी विचारा."

"ते बराबर हाय. मी चालायचं विचारून राहिले."

सुमनबाईंनी लेकरांकडे पाहिलं. एकेका तोंडावरून त्यांची नजर फिरली. त्यांना आठवत होतं की नव्हतं, ते मी सांगू शकत नाही.

दीपमाला उठली. ती उचलून घेऊ लागली तरी रुपाने माझी दांडी सोडली नाही. एकेक बोट सोडवावं लागलं. "मावशी, तुमची माया दिसून राहिली," दीपमाला म्हणाली. "लेकरं तुमाला जपून राहिली, म्हंजे तुमीबी त्यांना जपलं असंल. पण माझी पोरगी आता कुठं उभी राहून राहिली. तिला बसवून ठेवलं तर गाडीत तिकिटं देताना मला तेच दिसंल."

"मग कुठं ठेवशील? सोमवारी हजर व्हायचं म्हणतीस," सुमनबाईंचा आवाज कोरडा झाला होता.

"बघते. अजून एक ठिकाण हाय म्हणतात, लांब हाय."

त्या अंगणात उतरल्या तशी पारुबाईची कुरकुर ऐकू आली. "एवढं चकचकीत घर सोडून पोरीला कुठं नेतीस? तुला बी काय तकलीफ करून घ्यायची सवय हाय!"

"याडी, घर चकचकीत हाय," दीपमाला म्हणाली, "पण लेकरं बी फरशीवाणी गप पडून हायत."

ते सुमनबाईंना आणि मला, दोघांनाही ऐकू आलं. फाटकाची कडी वाजली. रुपा मला पुन्हा कधी दिसली नाही.

सुमनबाईंना राग आला होता. "मोठी आली शिकवणारी," असं त्या पुटपुटल्या. रुपाच्या हाताचे ठसे पुसायला त्यांनी पदराचं टोक घेतलं. दांडीपाशी आल्या आणि थांबल्या. ठसे तसेच राहिले. मग त्या लेकरांकडे वळून म्हणाल्या, "ऊठ रे दिपक. खेळ ह्याच्यासंगं. ऊठ."

दिपकने मान हलवली. "न्हाई. तुला भेव वाटतं."

सुमनबाई स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ सुरू राहिल्याचा आवाज येत होता. भांडी मात्र वाजत नव्हती.

त्या दिवसापासून मी कपाटावर गेलो नाही. पण म्हणून लगेच माझ्याभोवती लेकरांचा मेळा जमला, असं समजू नका. मी जमिनीवर होतो आणि कपाटावर होतो त्याहून एकटा होतो. लेकरं माझ्या शेजारून सरकत जायची, पण हात लावायची नाहीत. सुमनबाई सांगून थकल्या. ज्यांना इतके दिवस "बस" म्हटलं, ती नुसतं "ऊठ" म्हटल्याने उठत नव्हती.

शेवटी एका सकाळी त्यांनी टीव्ही बंद केला. साडीचा काष्टा खोचला, माझ्याजवळ आल्या आणि कमरेत वाकून स्वतःच माझी दांडी धरली. त्यांचे गुडघे दुखत होते. त्या मला ढकलत निघाल्या. ओसरीतून माजघरात, माजघरातून परत ओसरीत. खटखट, खटखट. एवढी मोठी बाई, पांढऱ्या केसांची, आणि हातात पांगुळगाडा! आधी दिपकचं तोंड उघडं राहिलं. मग कुणीतरी हसलं. मग सगळीच हसली. त्या घरात इतकी लेकरं एकदम हसलेली मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

"मला भेव वाटतं की न्हाई, सांग बरं दिपक?" सुमनबाई धापा टाकत म्हणाल्या.

"वाटतं," दिपक म्हणाला. "पन थोडं थोडं."

आणि तो उठला.

भीती खरंच गेली नव्हती. पण आता सुमनबाई भीती बाळगूनही लेकरांना बसवणारा हात मागे घेत होत्या. जुन्या गोधड्या फाडून त्यांनी भिंतींचे कोपरे आणि उंबरा बांधून काढला. लेकरं पडायची, रडायची, उठायची. दिपकच्या कपाळाला टेंगूळ आलं. माझा लाल-पिवळा रंग पोपडे धरून उडू लागला.

पण आता बघायला येणाऱ्यांना घर आवडेनासं झालं. "लई गोंधळ हाय हो इथं," म्हणून एक जोडपं दारातूनच परत गेलं. जे गृहस्थ "काय शिस्त हाय" म्हणून सगळ्यांत जास्त कौतुक करायचे, त्यांनी पोराच्या कोपरावरचं खरचटलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोराला पाठवलंच नाही. आणखी एक लेकरू गेलं. सतरंजी मोठी वाटू लागली.

एका दुपारी सुमनबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी मला उचललं. कपाटाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांचा पदर ओढला. ती प्रतिक्षा होती, सगळ्यांत धाकटी, अजून धड उभी न राहणारी. तिने दोन्ही हात माझ्याकडे केले आणि म्हणाली, "ते."

सुमनबाईंनी मला खाली ठेवलं.

प्रतिक्षाची आई पुजा औषधांच्या दुकानात कामाला होती. सकाळी घाईघाईने लेकराला सोडायची, संध्याकाळी थकून यायची. आली की पहिला प्रश्न तोच, "मावशी, आज काय केलं हिनं?" आणि सुमनबाई सांगायच्या. प्रतिक्षाने माझी दांडी आज कशी धरली, कुठे अडकली, अडकल्यावर रडायच्या आधी कशी इकडेतिकडे पाहत होती, सगळं. पुजा बॅग खांद्यावर तशीच ठेवून ऐकत राहायची.

मग ती दुपार आली. बाकीची लेकरं झोपली होती. सुमनबाई मेथी निवडत बसल्या होत्या. प्रतिक्षा माझी दांडी धरून उभी होती. अचानक तिने एक हात सोडला. मग दुसराही. मी हललो नाही. सुमनबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. प्रतिक्षाने एक पाय टाकला. डोलली. दुसरा टाकला. आणि हात पसरून, डगमगत, सुमनबाईंच्या मांडीवर येऊन आदळली. मेथी सगळीकडे उधळली.

सुमनबाईंनी तिला छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. ते पाऊल त्यांनी पाहिलं आणि मी पाहिलं. तिसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी फोन उचलला, पुजाचं नाव काढलं. आणि तसाच खाली ठेवला.

संध्याकाळी पुजा आली. "आज काय केलं हिनं?"

सुमनबाई म्हणाल्या, "जेवली. झोपली. मेथी सांडली सगळी." मग तिची बॅग धरून हळूच म्हणाल्या, "आज-उद्यात चालंल ती, पुजा. घरी गेल्यावर फोन बाजूला ठेवून बस तिच्यापुढं. हात पसरून बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुजा पळतच आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "मावशी! काल प्रतिक्षा चालली! पहिलं पाऊल! माझ्याकडंच आली!"

"व्हय?" सुमनबाई म्हणाल्या. "खरंच? कशी आली, सांग बरं मला सगळं."

पुजा सांगत होती आणि सुमनबाई पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. डोळे भरले होते, पण ते पुजाला आनंदाचेच वाटले असतील. आनंदाचेच होतेही.

आता प्रतिक्षाला माझी गरज नाही. ती अंगणात पळते. दिपक बालवाडीत जाऊ लागला. लेकरं पूर्वीपेक्षा कमी आहेत आणि दुपारी सगळी झोपली की सुमनबाई आणि मी पुन्हा दोघेच असतो. पुढचं रांगणारं लेकरू केव्हा येईल याची मी वाट बघतो. रंग उडालेला आहे, एक चकती सैल झाली आहे, पण चाकं अजून फिरतात.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडासाठी आई कधी पाळणाघर बघायला निघाली, तर तुम्हीही तिच्याबरोबर जा. फरशी स्वच्छ हवीच, पाणीही स्वच्छ हवं. पण घर फार गप्प असेल, तर थोडा वेळ बसा. खेळण्यांचा रंग कोरा आहे की उडालेला आहे, ते पाहा. तिथली लेकरं तुमच्याकडे चालत येतात की सरकत येतात, ते पाहा. आणि तिथल्या मावशीला कोणत्याही एका लेकराचं नाव घेऊन विचारा, "आज ह्यानं काय केलं?" ती काय सांगते ते ऐकाच. पण सांगताना तिच्या तोंडाकडे नीट पाहा. तिने त्या लेकराचं काहीतरी पाहिलेलं असेल, तर ते तिला सांगायचं नसलं तरी तिच्या तोंडावर दिसेल.